अजिंठ्यास रोपवे कशासाठी?

डोंगर दिसला की त्यावर तार ताणावी आणि तारेला पाळणे टांगावे, ही आमच्या लोकनेत्यांस अलीकडे सुचणारी सर्वांत सोपी प्रगती होऊन बसली आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ‘पर्वतमाला’ योजनेची घोषणा झाली, तेव्हापासून या उत्साहास राजाश्रयही लाभला. अशा मागण्यांत सोयगाव तालुक्यातील अजिंठ्याच्या लेण्यांचे नाव अधूनमधून घेतले जाते. वाघूर नदीची नालाकृती दरी पाळण्यातून न्याहाळीत लेण्यांशी उतरावे, ही कल्पना मोहक आहे यात शंका नाही. परंतु आमच्या मते ती अजिंठ्यास अपायकारक व सोयगावास निरुपयोगी आहे.

रज्जुमार्गाशी आमचे वैर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. बोलिव्हिया देशातील ला पाझ हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवर एका खोलगट दरीत वसले आहे. आणि त्याच्या माथ्यावर, ४,००० मीटरांहूनही उंच पठारावर, एल आल्तो हे दुसरे शहर आहे. २०१४ पासून या दोहोंमध्ये पाळणे धावू लागले. तेथे पाळणा म्हणजे मौज नव्हे. पोटासाठी रोज दरीत उतरणाऱ्या माणसाची ती लोकल गाडी होय. एक्वादोरची राजधानी कितो, तिच्यावरील पिचिंचा पर्वताच्या उतारावर २००५ मध्ये सुरू झालेला पाळणा मात्र केवळ शहर पाहण्यासाठी नेतो. त्यासही आमचा आक्षेप नाही. कारण वरून पाहणारे दहा असोत की दहा हजार, त्यांच्या पाहण्याने खालचे शहर झिजत नाही. आमच्या रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, आणि ज्या वृद्धांस तेवढ्या पायऱ्या चढणे अशक्य होते त्यांस त्यामुळे महाराजांच्या समाधीपुढे उभे राहता आले. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

प्रश्न एवढाच आहे की, जे पाहावयाचे ते पाहणाऱ्यांच्या गर्दीने झिजते की नाही? अजिंठा झिजतो. तेथील चित्रे उघड्या पाषाणावर काढलेली नाहीत. माती, भुसा, गवताचे तंतू यांचा गिलावा कातळावर चढवून, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, त्या अंगावर ती रंगविलेली आहेत. वाकाटक सम्राट हरिषेण याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, हा मातीचा पापुद्रा दीड हजार वर्षे टिकला हेच आश्चर्य. त्याचा आजचा शत्रू ओल आहे, आणि बंद दालनात शिरणारा प्रत्येक प्रेक्षक आपल्या श्वासाबरोबर ओल घेऊन येतो. याच कारणास्तव चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडण्याचा नियम करावा लागला. धुराचा उपद्रव टळावा म्हणून या शतकाच्या आरंभी खाजगी गाड्या चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर अडवून तेथून बसगाड्या सोडण्याची व्यवस्था झाली, तीही याच विचाराने.

आता रोपवेचा हिशेब पाहा. कोट्यवधी रुपये खर्चून उभारलेले यंत्र तिकिटांवर चालते. पाळणे रिकामे गेले तर ठेकेदार बुडतो. म्हणून ते भरावेत अशीच त्याची खटपट राहणार. रोपवेचे पोट गर्दीवर भरते आणि चित्रांचे आयुष्य गर्दी आवरण्यावर अवलंबून आहे. या दोन धन्यांची चाकरी एकाच डोंगराने कशी करावी, याचा खुलासा रोपवेच्या कैवाऱ्यांनी अवश्य करावा.

सद्धेतूनेही अजिंठ्याचे कसे नुकसान होते याचा दाखला इतिहासात आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणविले. सुटलेला गिलावा भिंतीस पुन्हा चिकटविण्याचे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु चित्रांच्या रक्षणार्थ त्यांनी जे लाखेचे रोगण वर चढविले, ते कालांतराने पिवळे पडले, तडकले, आणि मूळ रंग त्याखाली झाकोळून गेले. ते उतरविण्यात पुरातत्त्व खात्याची पुढे कित्येक दशके गेली. रोगण निदान पुसता येते. कातळात रोवलेल्या खांबांचे काय करावयाचे?

कोणी म्हणेल, तुम्ही धडधाकट माणसांची बाजू मांडता. गुडघे दुखणाऱ्या आईने, चाकांच्या खुर्चीवरील मुलाने अजिंठा पाहूच नये काय? हा आक्षेप खरा आहे, आणि ‘चढवत नसेल त्याने घरी बसावे’ असे म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच जमत नाही. परंतु रोपवे तरी त्यांस काय देणार? तो लेण्यांच्या आवारापाशी सोडून देईल. एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना लागणाऱ्या पायऱ्या, उंबरे, अंधार हे सर्व तसेच राहील, आणि तेथे अखेर डोलीवाल्यांचाच खांदा उपयोगी पडेल. त्या डोलीवाल्यांस ठरलेली वाजवी मजुरी, चांगल्या डोल्या व विश्रांतीची जागा द्यावी. शक्य तेथे उतरंडीचे सुटे मार्ग बसवावेत. शिवाय १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र २०१३ मध्ये पायथ्याशी उभारले गेलेच होते. ज्यांस वर जाणे शक्य नाही त्यांची यापरती उत्तम सोय कोणती? पण विजेच्या व पाण्याच्या थकबाकीपायी काही वर्षांतच त्यास टाळे लागले! ज्यांच्याने दिव्याचे बिल भागविणे झाले नाही, त्यांनी दरीवर तार ओढण्याच्या गोष्टी कराव्यात, यास काय म्हणावे?

राहिला सोयगावच्या भल्याचा मुद्दा. अजिंठ्याचा प्रवासी सकाळी येतो, दुपारी जातो. सोयगाव गाव त्याच्या दृष्टीसही पडत नाही. पाळण्याने त्याचा वेळ वाचेल, म्हणजे तो आणखी लवकर जाईल. उलट सोयगावजवळ वेताळवाडीचा किल्ला आहे, रुद्रेश्वराचे लेणे आहे. याच डोंगररांगेत जंजाळ्यानजीक घटोत्कच लेणे आहे, आणि अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविणारा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचाच शिलालेख तेथेही आहे. हा संबंध सांगणारा एक जाणता वाटाड्या, तेथवर जाणारा धड रस्ता, एक पहारेकरी व रात्री राहण्याची स्वच्छ जागा एवढे झाले, तर प्रवासी एक मुक्काम वाढवील आणि त्याचा पैसा तालुक्यातील घरांत जाईल. या कामांत उद्घाटनाची फीत मोठी नसते, म्हणूनच ती मागे पडतात.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. अजिंठ्याच्या दरीवर रोपवे होऊ नये. त्यासाठी जो पैसा काढावयाचा तो प्रथम अभ्यागत केंद्र अखंड चालू ठेवण्यास, डोलीवाल्यांच्या सोयीस आणि सोयगावच्या रस्त्यांस लावावा. मराठवाड्यातील सुशिक्षितांनी आपापल्या प्रतिनिधींस हे पत्राने कळवावे. कारण एकदा खांब उभे राहिल्यावर हळहळणारे पुष्कळ निघतील, पण खांब काढणारा कोणी निघणार नाही.