पावलें मोजणारी आज्ञावली

दि. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखीं पडले. ही दुःखद स्मृति मनांत असल्यामुळेंच २०१५ सालच्या सिंहस्थाच्या वेळीं येथील तरुण मंडळी पुढें सरसावली. मूळचे नाशिकचे व अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या प्रेरणेनें ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. आणि त्यांतूनच येथील एका शाळकरी मुलानें आपल्या सोबत्यांसह ‘आशिओतो’ नांवाची चटई तयार केली. जपानी भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवरून माणूस चालला कीं तिच्यांतील दाब ओळखणारे संवेदक तें पाऊल टिपतात, आणि संगणकाची आज्ञावली किती माणसें गेलीं याचा हिशेब तत्काळ कळविते. त्या मेळ्यांत १८ तासांत सुमारे पांच लक्ष माणसांची मोजणी ह्या योजनेनें केली.

ह्या मुलांचें कौतुक करावें तितकें थोडेंच. परंतु मोजणें ही एक गोष्ट, व मोजलेल्या आंकड्याचा अर्थ जाणणें ही दुसरी. समजा, एका मिनिटांत चटईवरून दहाच माणसें गेलीं. एरव्हीं पहाटे याचा अर्थ, रस्ता मोकळा आहे. परंतु पर्वणीच्या दिवशीं गर्दी इतकी दाटली कीं कोणास पाऊलच उचलतां येईना, तरीही आंकडा दहाच येईल! पहिल्या प्रसंगीं फाटक उघडावयाचें. दुसऱ्या प्रसंगीं मागून येणारा लोंढा अडवावयाचा. ज्या आज्ञावलींत “आंकडा कमी, म्हणून मार्ग खुला” असा एकच नियम कायमचा लिहिला आहे, ती नेमकी संकटसमयींच घात करील.

यास्तव, आमच्या मतें, परिस्थिति बदलली हें ओळखून आपला नियम बदलणारी आज्ञावली रचिली पाहिजे. तिनें आंत आलेल्या व बाहेर गेलेल्या माणसांचा मेळ सतत घालावा. पावसानें घाटाच्या पायऱ्या निसरड्या झाल्या तर गर्दीची मर्यादा खालीं आणावी. आणि एखादी चटई मुकी झाली तर रस्ता रिकामा न समजतां, “मला कळत नाहीं” असें पोलिसांस स्पष्ट सांगावें. हें शेवटचें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कारण फाटक उघडण्याचा निर्णय अखेर माणसानेंच घ्यावयाचा, व त्याची फसगत होतां कामा नये.

कोणी म्हणेल, नियम आपोआप बदलूं लागल्यास त्यावर विश्वास कसा ठेवावा? शंका रास्त आहे. म्हणूनच कोणता नियम केव्हां व कां बदलला, याची नोंद आज्ञावलीनें ठेविली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, सिंहस्थ बारा वर्षांनीं पुन्हां येतोच. २०२७ हें त्याच्या पर्वण्यांचें वर्ष. तुमच्यांपैकीं जे संगणकाचे धडे गिरवितात, त्यांनीं उत्तर बरोबर आलें एवढ्यावर संतुष्ट न राहतां, “पाऊस आला तर? वीज गेली तर?” असें स्वतःस विचारावें. पालकांसही आमची विनंति कीं, मुलांस कधीं गोदातीरीं न्यावें, आणि गर्दी कशी चालते व कोठें थबकते तें सुरक्षित जागेवरून पाहूं द्यावें. आज्ञावली लिहिण्याचा पहिला धडा तोच होय.