कोळशाचा नफा कुणाचा, खोकला कुणाचा?

रिक्षासाठी कर्ज मागायला गेलेल्या माणसाकडे बँक आधी तारण मागते, मग जामीनदार. अमेरिकेतल्या बड्या कोळसा कंपन्यांना मात्र कामगारांच्या आजारपणाची हमी जवळजवळ शब्दावर देता आली.

या सोयीचे नाव स्वयंविमा. खाणीतली धूळ वर्षानुवर्षे छातीत साठून फुप्फुसे निकामी होतात, त्या आजाराला तिकडे ‘ब्लॅक लंग’ म्हणतात. कायद्याने त्याची भरपाई आणि औषधोपचाराचा खर्च खाणमालकावर टाकला आहे. त्यासाठी मालकाने एक तर विमा कंपनीची पॉलिसी घ्यायची, नाही तर केंद्रीय कामगार खात्याच्या परवानगीने जोखीम स्वतःच्या अंगावर घ्यायची. दुसरी वाट धरणाऱ्याकडून तारण घ्यायचे असते. ते किती, हे खाते ठरवते आणि घोडे इथेच पेंड खाते.

2014 ते 2016 या काळात जेम्स रिव्हर, पेट्रियट आणि अल्फा नॅचरल रिसोर्सेस या तीन कंपन्यांनी दिवाळखोरीचा रस्ता धरला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी 2020 मध्ये हिशेब मांडला. अल्फाने तारण ठेवले होते 1 कोटी 20 लाख डॉलर. मागे सोडलेला बोजा सुमारे 49 कोटी 40 लाखांचा. तिन्ही कंपन्यांचा मिळून अंदाजे 86 कोटी 50 लाख डॉलरचा भार ‘ब्लॅक लंग’ निधीवर आला. हा निधी चालतो कोळशाच्या दर टनावरील करातून, आणि तो अपुरा पडला की सरकारी तिजोरीतून काढलेल्या कर्जावर. म्हणजे जी कंपनी आपली देणी चोख भागवते, तीच बुडालेल्या स्पर्धकाचीही देणी करातून भागवत राहते. कामगाराचे पैसे थांबत नाहीत, हे खरे. पण ते देणारा खिसा बदलतो.

हे आकाशातून कोसळलेले संकट नव्हते. तारण ठरवताना खाते फक्त पुढच्या काही वर्षांतली भरपाई मोजत होते. उद्या आजारी पडणाऱ्यांचा त्यात हिशेबच नव्हता. आणि हा आजार तर उमटायलाच वर्षे घेतो! व्हर्जिनियाच्या नैऋत्य भागातल्या तीनच दवाखान्यांत 2013 ते 2017 दरम्यान त्याच्या सर्वांत गंभीर स्वरूपाचे 416 रुग्ण सापडले. शिवाय, परवानगी नाकारली की कंपनी अपील करणार आणि त्या अपिलाचा निकाल किती दिवसांत लावायचा याची मुदतच नाही, हेही लेखापरीक्षकांनी दाखवून दिले. अपील लोंबकळत राहिले की कंपनीचा स्वयंविमाही चालूच.

ही गत कोळशापुरतीच नाही. न्यूयॉर्क राज्यात छोट्या मालकांनी एकत्र येऊन कामगारांच्या भरपाईसाठी असेच गट-निधी उभारले होते. हप्ते कमी ठेवले गेले, तूट वाढत गेली. सभासद एकमेकांना जामीन असल्याने प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्या दुकानदारांच्या दारातही वसुलीच्या नोटिसा आल्या. अखेर 2011 मध्ये कायदा करून बहुतेक गट बंद करावे लागले.

कामगार खात्याने डिसेंबर 2024 मध्ये नवा नियम काढला: स्वयंविमा हवा असेल तर अंदाजित देण्याच्या 100 टक्के तारण ठेवा. उद्योगाची तक्रार अशी, की एवढी रक्कम अडकली तर अशक्त कंपन्या आणखी लवकर बुडतील. तक्रार अगदीच पोकळ नाही. तारणासाठी अडकलेला पैसा धंद्यात फिरत नाही. पण ज्या कंपनीला तारण झेपत नाही, तिला बाजारातून पॉलिसी घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवलीच आहे. विमा कंपनी चढा हप्ता मागत असेल, तर ती त्या कंपनीच्या जोखमीची खरी किंमत सांगते आहे. ती किंमत आजवर करदाते गुपचूप भरत होते.

म्हणून नुसता टक्का वाढवून भागणार नाही. दर वर्षी प्रत्येक कंपनीचा ताळेबंद तपासला गेला पाहिजे, अपिलाला ठरावीक मुदत हवी, आणि कोणी किती तारण ठेवले हे जाहीर व्हायला हवे. दिवाळखोरी न्यायालयात धनकोंची रांग लागल्यावर सरकारने पावती पुढे करून उपयोग नसतो. कोळशाला भाव असतो आणि कंपनीच्या खात्यात पैसा खेळत असतो, तारण तेव्हाच वसूल करायचे असते.