चांगल्या घरचा आरोपी

या पानावर मी एरवी बोंडअळी, ठिबक नाहीतर बीजप्रक्रिया यावर लिहितो. आजचा विषय कोर्टाचा आहे. मी काही वकील नाही, कृषी पदविका घेतलेला साधा विस्तार अधिकारी. तरी लिहितो, कारण कोर्टात गेलेल्या एका कागदावर माझीही सही होती.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडच्या एका गावात बागायतदाराच्या मुलाने मजुरीच्या पैशावरून एका शेतमजूर बाईला फावड्याच्या दांड्याने मारले. तिचा हात मोडला. मुलगा दिसायला-बोलायला छान, पदवीधर, आल्यागेल्याला खुर्ची देणारा. आमची प्रात्यक्षिके त्याच्याच रानात होत आणि वरचे साहेब आले की जेवणही त्याच्याच वाड्यावर. जामिनाच्या वेळी गावात एक अर्ज फिरला. 'सदर इसम सुस्वभावी, होतकरू व प्रगतिशील शेतकरी असून...' वगैरे. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, मास्तर, त्यांच्याखाली मी. शिक्का मारला नाही, एवढेच. त्या कागदामुळे जामीन झाला असे मी म्हणत नाही, तो झालाच असता. पण पुढे खटला उभा राहिला तेव्हा बाईच्या बाजूने बोलायला गावात माणूस उरला नव्हता, कारण सगळ्यांनी आधीच लिहून दिले होते. बाई त्या वर्षी ऊसतोडीला गेली, ती परत त्या गावात कामाला आली नाही.

आरोपीचे आधीचे चांगले चारित्र्य फौजदारी खटल्यात विचारात घेण्याची सोय कायद्यात आहे. जुन्या पुरावा कायद्यात होती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. सोय वाईट नाही. पण चारित्र्याचा दाखला मिळतो कोणाला, ते बघा. सालगड्याच्या पोराने कोणाचे डोके फोडले तर त्याच्यासाठी चेअरमन सही करतो का? न्यायाधीश गावात राहत नाहीत, त्यांच्यापुढे येतो तो कागद. शिवाय तेही याच समाजातले. नीट कपडे, नीट भाषा, मागे उभे असलेले आईवडील दिसले की 'हा असे करणार नाही' हा विचार त्यांनाही शिवतो. काही वेळा तर तो निकालपत्रात उतरतो.

राजस्थानात जयपूरजवळ भटेरी नावाचे गाव आहे. तिथल्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या. म्हणजे आमच्यासारख्याच, गावोगाव जाऊन सरकारी योजना सांगणाऱ्या, फक्त मानधन नावापुरते. १९९२ च्या आखातीजेला गावातल्या वजनदार घरात तान्ह्या मुलीचे लग्न लागणार होते. ते थांबवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला नवऱ्याबरोबर शेतात काम करत असताना त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पाच आरोपी होते. डिसेंबर १९९३ मध्ये जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी लिहिले की, बालविवाह रोखल्याचा सूड म्हणून हे झाले अशी आपली खात्री आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये सत्र न्यायालयाचा निकाल आला आणि बलात्काराच्या आरोपातून पाचही जण सुटले. कारणे ऐकण्यासारखी आहेत. वरच्या जातीचे लोक खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाहीत. आरोपी वयाने पोक्त आहेत. काका आणि पुतण्या एकमेकांदेखत असे करणार नाहीत. नवरा गप्प बघत राहिला हे पटत नाही. यात पुरावा किती आणि 'चांगली माणसे' किती, ते तुम्हीच मोजा. ज्याने खेडे पाहिले आहे तो सांगेल की रानात वरच्या जातीला शिवाशीव आठवत नाही, ती पाणवठ्यावर आठवते.

या प्रकरणानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आला. आमच्या पंचायत समितीच्या भिंतीवर अंतर्गत समितीचा जो फलक आहे, तो भटेरीतल्या त्या बाईंमुळे आहे. खुद्द त्यांच्या खटल्यातले अपील मात्र वर्षानुवर्षे पडून राहिले आणि दरम्यान काही आरोपी वारलेही.

हे खेड्यातच होते असे समजू नका. २०२१ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयापुढे आयआयटीच्या एका विद्यार्थ्याचा जामीन अर्ज आला. आरोप बलात्काराचा, तक्रार करणारीही तिथलीच विद्यार्थिनी. प्रथमदर्शनी आरोपात तथ्य दिसते असे कोर्टानेच नमूद केले. तरी दोघेही हुशार असून राज्याची भावी संपत्ती आहेत, असे लिहून जामीन दिला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे मान्य. तपास संपला होता, एवढे कारण पुरले असते. पण 'भावी संपत्ती' हा शब्द बिगारी कामावरच्या पोराच्या जामीनपत्रात कधी कोणी वाचला आहे का? २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले. त्यांच्या भविष्याचा हिशोब कोण मांडतो?

अमेरिकेतही तेच. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ब्रॉक टर्नर हा पोहण्यात नाव काढलेला विद्यार्थी बेशुद्ध तरुणीवरील लैंगिक अत्याचारात २०१६ मध्ये दोषी ठरला. सरकारी वकिलाने सहा वर्षे मागितली, न्यायाधीशांनी सहा महिने दिले आणि तीन महिन्यांत तो बाहेर आला. तुरुंगाचा मुलावर फार मोठा परिणाम होईल, असे न्यायाधीश म्हणाले. मुलाला आता जेवण गोड लागत नाही, असे बापाने पत्रात लिहिले होते. तिथे न्यायाधीश मतदानाने राहतात, त्यामुळे २०१८ मध्ये लोकांनी मते देऊन त्या न्यायाधीशांना पदावरून काढले. आपल्याकडे तशी सोय नाही, आणि नसलेलीच बरी. उद्या मतांसाठी निकाल लागायचे.

आता शेतीशी संबंध असलेली गोष्ट. गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या रंधिकपूरच्या बिल्किस बानो. मार्च २००२ च्या दंगलीत त्या २१ वर्षांच्या आणि गरोदर असताना त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, तीन वर्षांच्या मुलीसह घरातली माणसे मारली गेली. खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. मधल्या काळात पॅरोल-फर्लोवर यातले कित्येक जण एकूण हजाराहून जास्त दिवस बाहेर होते.

१५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने अकराही जणांना मुदतीआधी सोडले. सोडू नये, असे मुंबईच्या विशेष न्यायाधीशांनी आणि सीबीआयनेही कळवले होते. बाहेर आल्यावर हार घातले गेले, पेढे भरवले गेले. शिफारस करणाऱ्या समितीतले गोध्र्याचे आमदार म्हणाले की ते ब्राह्मण आहेत, संस्कार चांगले आहेत. आमच्या अर्जातला 'सुस्वभावी' आणि हा 'संस्कारी' यांत मला काही फरक दिसत नाही.

८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला म्हणून हा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे, असे सांगून दोन आठवड्यांत हजर व्हायला फर्मावले. तेव्हा काहींनी मुदतवाढ मागितली. आईवडील म्हातारे आहेत, मुलाचे लग्न आहे, तब्येत बरी नाही. एकाने लिहिले की पीक काढणीला आले आहे. हे वाचून मी थबकलो. जानेवारीत तूर काढणीला येते, हरभरा घाट्यात असतो, हे खरे. पण हातातले पीक सोडून आत गेलेले कोरडवाहू शेतकरी मी पाहिले आहेत, आणि त्यांची रास बायकोने नाहीतर भावाने केली. कोर्टाने कारणे ऐकली आणि अर्ज फेटाळले. २१ जानेवारीला सगळे गोध्रा उपकारागृहात हजर झाले.

म्हणजे सगळीच कोर्टे भुलतात असे नाही. पण वरच्या कोर्टापर्यंत पोहोचायला वीस-बावीस वर्षे, वकील आणि छाती लागते. आपल्या तालुक्यातल्या बाईने काय करावे? दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या कोर्टातही देता येतो. दुसरी, आरोपी सुटला किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला तर पीडिताला स्वतः अपील करता येते. हा हक्क २००९ च्या अखेरीस आला, १९९५ ला भंवरीदेवींकडे तो नव्हता. शिक्षा कमी झाली एवढ्यावरून मात्र पीडिताला अपील नाही, ते सरकारने करायचे. त्यासाठी सरकारी वकिलाच्या मागे लागावे लागते, लेखी द्यावे लागते आणि पोच घ्यावी लागते. तोंडी सांगितलेले राहून जाते.

गेल्या महिन्यात पुन्हा एक अर्ज माझ्या टेबलावर आला. गाव वेगळे, घर वेगळे, मजकूर तोच. मुलावर बायकोला मारहाणीचा गुन्हा आहे. अर्ज आणणारे गृहस्थ चांगल्या ओळखीचे. म्हणाले, "साहेब, पोरगा तुम्हाला ठाऊकच आहे."

मी म्हटलं, "दादा, त्याचा ठिबक संच मला ठाऊक आहे. त्यावर काय पाहिजे ते लिहून देतो."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि चहा न घेताच उठले. यंदाचे हरभऱ्याचे प्रात्यक्षिक त्यांच्या रानात घ्यायचे ठरले होते. ते आता दुसऱ्या गावात घ्यावे लागेल, असे दिसते.