पायाचा फोड आणि परीषह



गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या बायकांनी मला आपले तळवे दाखवले. एक माझी भाची. ती दर रविवारी सह्याद्रीत धावायला जाते, आणि सध्या तिने ते अगदी पातळ तळाचे बूट घेतले आहेत. दुसऱ्या आमच्या मजल्यावरच्या काकू. त्या मांगी-तुंगी अनवाणी चढून आल्या. एकीचं वय चोवीस, दुसरीचं चौसष्ट. दोघींच्या चवड्याखाली रुपयाएवढे फोड होते. आणि गंमत म्हणजे दोघी एकच वाक्य बोलल्या. भाची म्हणाली, "मावशी, हाही एक परीषहच ना? सहन करायचा." काकू म्हणाल्या, "अगं, यात्रेतला फोड आहे, त्याला काय औषध लावायचं!"

मला हे पटत नाही. आपल्या समाजात हे वाक्य फार सहज बोललं जातं, म्हणून आज त्यावरच लिहिते.

परीषह बावीस. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ते आले आहेत. त्यांत चर्या आहे, म्हणजे चालण्याचं कष्ट. तृणस्पर्श आहे, म्हणजे काटे-गवत टोचणं. रोगही आहे. पण ते का सहन करायचे याचं कारणही तिथेच दिलं आहे: मार्गावरून ढळू नये म्हणून आणि कर्मांची निर्जरा व्हावी म्हणून. म्हणजे आधी मार्ग, मग त्या मार्गावर आपोआप येणारं कष्ट. मुनिमहाराजांना वाहन नाही, पादत्राण नाही, एका गावी कायम राहणं नाही. त्यामुळे चालण्याचं कष्ट त्यांच्याकडे चालत येतं. आपण मात्र ते आठ हजार रुपये देऊन घरपोच मागवतो आणि वर त्याला शास्त्रातलं नाव देतो. हौस असावी, माझा विरोध नाही. पण हौसेला हौसच म्हणावं.

आणि एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. रोग सहन करणं हा मुनींचा धर्म झाला. श्रावकाला काय सांगितलंय? चार दानं: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. औषध हे दानात आहे! सहा अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे, म्हणजे सेवा. विहार करून आलेल्या माताजींचे पाय चेपणं, तेल लावणं हे आपण पुण्य समजून करतो. मग तोच पाय आपल्या घरातल्या बाईचा असला की औषध लावणं कमकुवतपणा कसा ठरतो?

माताजींच्या पायांवरून आठवलं. ज्यांनी वैयावृत्त्य केलं आहे त्यांना तो तळवा माहीत असेल. जाड, घट्ट, भेगा पडलेला. फोड मात्र सहसा नसतो. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं चालून ती कातडी तयार होते. दीक्षेच्या आधीपासूनच कितीतरी जण चपला सोडून राहायला लागतात. भर उन्हाळ्यात डांबरी रस्ता तापला की त्यांनाही चटके बसतात, फोड येतात. म्हणून तर सूर्योदयानंतर लगेच निघून ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायची धडपड असते. म्हणजे ज्यांनी सहन करण्याचं व्रतच घेतलंय त्यांच्या विहाराचीही आखणी असते. आपण वर्षभर घरात स्लीपर घालून फिरतो आणि एका दिवसात साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढतो-उतरतो. तळव्याला हे आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

भाचीचंही तेच. आमच्या कॉटन ग्रीनला डोंगराची वाट कुठली? गोदामं, ट्रकच्या रांगा, कबुतरं, आणि चढ म्हणाल तर शिवडीच्या किल्ल्याची टेकडी. आठवडाभर ती सपाट सिमेंटवर धावते आणि रविवारी कुर्ल्याला गाडी बदलून थेट कर्जतकडचा डोंगर गाठते. या बुटांची टाच उचललेली नसते, तळ पातळ असतो आणि पुढे बोटं पसरायला जागा असते. त्यामुळे भार टाचेवरून चवड्यावर येतो. सपाटीवर हे जाणवत नाही. उतारावर प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो. वरची कातडी मोज्याला चिकटून राहते, आतलं हाड पुढे जातं, आणि मधला थर ताणला जाऊन फाटतो. त्या फटीत पाणी भरतं, तोच फोड. नुसत्या घासण्यापेक्षा हा ताणच जास्त घातक असतो, आणि घामाने ओलसर झालेल्या कातडीला तो लवकर बसतो.

या बुटांची फॅशन 2009 साली आलेल्या 'बॉर्न टू रन' या पुस्तकानंतर जोरात पसरली. मेक्सिकोतले ताराहुमारा लोक पातळ सपाता घालून डोंगरातून मैलोन्‌मैल धावतात, मग आपण का नाही, असं सगळ्यांना वाटलं. ताराहुमारा लहानपणापासून तसे धावतात, हे मात्र घाईघाईत राहून गेलं. पुढे 2014 मध्ये पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीने अमेरिकेत ग्राहकांच्या दाव्यात साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. बूट आरोग्याला चांगले, पायाचे स्नायू बळकट करतात, या जाहिरातीवरचा तो दावा होता. बूट वाईट आहेत असं मी म्हणत नाही. भाचीचे गुडघे त्यांनी सुखावले असतील तर तिने ते जरूर वापरावेत. पण पहिले दोन-तीन महिने रोज थोडा वेळ, आधी नुसतं चालायला, मग सपाटीवर, आणि उतार सगळ्यात शेवटी. दीक्षार्थीसुद्धा एका दिवसात मुनी होत नाही.

लता भगवान करे यांचं उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. 2014 मध्ये बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि शर्यत जिंकल्या. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून धावल्या होत्या, आणि त्यांचे पाय शेतात मजुरी करून तयार झालेले होते. गरजेने अनवाणी धावलेल्या बाईचा फोटो पाठवून "बघा, बुटांची गरजच नाही" म्हणायचं, हे मला बरं वाटत नाही.

आता कामाचं बोलू. कॉटन ग्रीनमध्ये राहून कापसाविरुद्ध बोलते म्हणून रागावू नका, पण धावताना सुती मोजे नकोत. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, कातडी ओली राहते. पातळ कृत्रिम धाग्याचे मोजे घाम बाहेर टाकतात. लांब पल्ल्याला एक सुकी जोडी जवळ ठेवावी. नखं दोन दिवस आधी कापावी. उताराला लागण्याआधी बुटाची नाडी घोट्याजवळ आवळून घ्यावी, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कागदी चिकटपट्टी. औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मागितली की मिळते, इंजेक्शननंतर लावतात तीच. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटातून कित्येक दिवस धावणाऱ्यांवर तिचा प्रयोग केला होता, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पट्टी लावली तिथे फोड येण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. निघण्याआधी, कोरड्या पायाला, नेहमी घासतं त्या जागी एकेरी लावायची, सुरकुती पडू द्यायची नाही. बस.

धावणाऱ्यांसाठीची जी मलमं मिळतात त्यांवरचं बारीक अक्षर मात्र वाचून घ्या. बऱ्याच मलमांत मधमाशीचं मेण असतं, काहींत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीचं तेल. फोडावर मध लावा असं तर कोणीही सांगतं. आपल्याला मध चालत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. कोकणातल्या मैत्रिणीकडून कोकमाचं तेल, ते मुठेल, मागवून ठेवा. टाचांच्या भेगांना आणि बोटांच्या बेचक्यांत चोळायला त्याच्यासारखं दुसरं नाही. बुटात कातडं नाही ना हेही पाहा. मी कोल्हापूरकडची, चपलेच्या बाबतीत आमची पंचाईत जगजाहीर आहे.

तरी फोड आलाच तर? जळजळायला लागलं की तिथेच थांबा. फोड येण्याआधी पाय पाच-दहा मिनिटं सांगत असतो. लहान, न दुखणारा फोड तसाच ठेवून वर पट्टी लावा. मोठा असेल आणि पाय टेकवत नसेल, तर साबणाने हात-पाय धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी जाऊ द्या. वरची कातडी कधीही सोलू नका, तिच्याइतकी चांगली पट्टी बाजारात नाही. वर स्वच्छ पट्टी, आणि चार-पाच दिवस धावणं बंद. लाली पसरायला लागली, पू झाला, ताप आला तर डॉक्टर.

हे सगळं धडधाकट माणसाचं झालं. काकूंना बारा वर्षं साखर आहे. फोड पाहून मी विचारलं, "दुखतोय का?" तर म्हणाल्या, "अजिबात नाही, देवाची कृपा." मैत्रिणींनो, मला तिथेच धस्स झालं. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात, आणि रक्तपुरवठाही मंदावतो. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो, जखम आत उतरते, आणि साध्या फोडापासून सुरू झालेली गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाऊ शकते. साखर असलेल्यांनी घरी सुई लावायची नाही, पट्टी लावून वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. काकूंना मी त्याच संध्याकाळी रिक्षात... नाही, आमच्याकडे रिक्षा कुठे येते, टॅक्सीत घालून नेलं. वाटभर मला सांगत होत्या की यात्रेत कोणाला कळू दिलं नाही. का? तर बरोबरच्या बायका म्हणाल्या असत्या, हिला झेपत नाही.

माझा खरा राग या "कळू दिलं नाही" वर आहे. डोंगरावर मोजे घालून चढणाऱ्या बाईकडे आपण कशा नजरेने बघतो ते प्रत्येकीने आठवावं. मंगळवारच्या पहाटे सिद्धिविनायकाला अनवाणी चालत निघालेल्या बायका आमच्या भागातूनही जातात. त्यांच्यातही हीच चढाओढ असते. अनवाणी जाण्यामागे तीर्थाबद्दलचा विनय आहे, तो सुंदरच आहे. चामड्याची चप्पल डोंगराखाली ठेवावीच. पण जाड कापडी मोज्याने विनय कमी होतो असं मला कोणी शास्त्रातून दाखवलेलं नाही. शक्तीनुसार त्याग आणि शक्तीनुसार तप, हे तर सोळाकारण भावनांतच आलंय. त्यातलं 'शक्तीनुसार' आपण गाळून टाकलं आहे.

भाचीचं एक म्हणणं मला विचार करायला लावणारं वाटलं. ती म्हणाली, पातळ तळामुळे पायाखालचं कळतं, पाऊल हलकं पडतं, मग जीवही कमी मरत असतील. मी म्हटलं, जीव वाचतो तो डोळ्यांनी. ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून चालायचं सांगितलंय, तेही दिवसाच्या उजेडात. पहाटे चारला कपाळावर दिवा बांधून उतारावर धावत सुटल्यावर कसली ईर्यासमिती? आणि तुमचा सगळा हंगाम पावसाळ्यात! जमीन गांडुळांनी, मुंग्यांनी, कोवळ्या अंकुरांनी भरलेली असते, तेव्हा साधू चार महिने एका जागी थांबतात. ज्यांच्याकडे पायांशिवाय दुसरं वाहन नाही, तेच थांबतात. चातुर्मास जीवदयेसाठी आहे, पायांच्या विश्रांतीसाठी नाही, हे मला माहीत आहे. पण ओल्या मोज्यांतला ओला पाय याच चार महिन्यांत सगळ्यात जास्त सोलला जातो, हेही तितकंच खरं.

भाचीने पावसाळ्यात डोंगर सोडायचं कबूल केलेलं नाही. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, एवढं कबूल केलंय. बूट महिनाभर फक्त बाजारहाटाला घालणार आहे. काकूंची जखम भरत आली आहे, डॉक्टरांनी अजून दोन आठवडे ड्रेसिंगला बोलावलंय. आमच्या मंडळाची पुढची यात्रा दिवाळीनंतर गजपंथाला आहे. औषधाच्या पेटीत या वेळी कागदी पट्टीची सहा रिळं, मुठेलाच्या दोन वड्या आणि जाड मोज्यांच्या वीस जोड्या ठेवायच्या ठरल्या आहेत. मोजे मी देणार आहे, आणि पहिली जोडी बसमध्ये सगळ्यांसमोर मीच घालणार आहे.