परदेशीं कथा शिकवावयास जातांना

घोडपदेव येथील एका एकत्र कुटुंबांतून आलेलें पत्र आम्हीं ह्या महिन्यांत विचारासाठीं घेतलें आहे. घरची थोरली सून माध्यमिक शाळेंत शिकविते. फुलब्राइटच्या शिक्षकांसाठीं असलेल्या योजनेंतून तिला अमेरिकेंत एक सत्रभर राहून तेथील शाळकरी मुलांस डिजिटल कथाकथन शिकविण्याची फेलोशिप मिळाली आहे. पत्र तिनें लिहिलेलें नाहीं, तिच्या सासूबाईंनीं लिहिलें आहे, व हेंच आम्हांस विशेष वाटलें. घरांत तीन हरकती आहेत. मामंजी म्हणतात, गेलेलें माणूस परत येत नाहीं. सासूबाईंस सात वर्षांच्या नातवाची काळजी आहे. तिसरी हरकत सर्वांचीच आहे, तिचा विचार पुढें करूं.

पहिलीस नियमांतच उत्तर आहे. भारत व अमेरिका ह्यांच्यामध्यें फुलब्राइटचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजीं झाला, आणि २००८ पासून योजनेस नेहरूंचेंही नांव जोडलें गेलें. ह्या योजनेंतून जाणारास जो व्हिसा मिळतो, त्यास परतल्यावर दोन वर्षें मायदेशीं राहण्याची अट असते. ती पुरी होईपर्यंत, विशेष सूट मिळाल्याखेरीज, तेथें कायम वास्तव्याची परवानगी मिळत नाहीं. शिवाय जाऊन परत येणारांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पंडिता रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठीं अमेरिकेस गेल्या, तेथें बालोद्यान-पद्धति शिकल्या, आणि १८८९ च्या मार्चमध्यें मुंबईस चौपाटीवर त्यांनीं शारदासदन उघडलें.

नातवाविषयीं फार लिहावयास नको. ज्या घरांत आजी, आजोबा, काकू आणि पणजी आहेत, तेथें मूल पोरकें होत नाहीं. एकत्र कुटुंब अशा वेळीं कामास यावयाचें नाहीं, तर मग केव्हां? मात्र मुलाच्या वडिलांनींही त्या काळांत संध्याकाळीं वेळेवर घरीं यावें, एवढें आम्ही सुचवितों.

आतां तिसरी हरकत. डिजिटल कथाकथन हें नांव नवें असलें तरी गोष्ट साधी आहे. १९९० नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियांत जो लॅम्बर्ट, डेना ॲचली इत्यादि मंडळींनीं ही रीत रूढ केली. सर्वांनीं वर्तुळांत बसून एकमेकांची गोष्ट आधीं ऐकावयाची. मग प्रत्येकानें आपलीच गोष्ट अडीचशें-तीनशें शब्दांत लिहून स्वतःच्या आवाजांत मुद्रित करावयाची, आणि त्या आवाजास घरचीं छायाचित्रें जोडून दोन-तीन मिनिटांचा चित्रपट करावयाचा. आपले कीर्तनकार पुराणांतील कथा सांगतात. येथें सांगणाराजवळ स्वतःचीच कथा असावी लागते. म्हणून शिकविणाऱ्या बाईंनीं प्रथम आपली सांगावी लागते.

सुनेनें आजेसासूबाईंची हकीकत निवडली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर कापूस होता, सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें होतीं, सोन्याच्या विटाही होत्या. शेंकडों माणसें दगावलीं. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामास आले. गोदीपासून घोडपदेव फार दूर नाहीं. आजेसासूबाई तेव्हां सहा वर्षांच्या होत्या. त्यांचे वडील गोदींत कारकून होते. खिडक्यांच्या कांचा फुटल्या, आणि मुलगी आईजवळ दोन रात्री जिन्यावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशीं वडील परतले, ते अंगांत दुसऱ्या कोणाचा तरी सदरा घालून. तो कोणाचा, हें त्यांनीं जन्मभर सांगितलें नाहीं.

घरच्यांचें म्हणणें असें कीं, परक्या मुलांपुढें आपली दैना कशास मांडावी? गणपतीची आरास दाखवावी, दिवाळीचा फराळ दाखवावा. आम्हांस हें पटत नाहीं. आरास पाहून मुलें टाळ्या वाजवतील व विसरतील. सदऱ्याची गोष्ट ऐकलेलें मूल घरीं जाऊन आपल्या आजीस कांहींतरी विचारील, आणि शिकवावयाचें तें हेंच आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० सालीं दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं इतर नऊ जणांस वांटून दिली. देशोदेशींचीं मुलें एकमेकांशीं बोलावीं, हाही त्यांच्या खटपटींचा एक भाग होता. तेथेंही बोलणें हेंच मुख्य, देखावा नव्हे.

परंतु चार पानांच्या ह्या पत्रांत एक गोष्ट आम्हांस कोठेंच आढळली नाहीं: आजेसासूबाईंचें मत. होकार-नकाराचा अधिकार मामंजींचा नाहीं, सुनेचाही नाहीं. परदेशांतील शाळेंत मुलांचे आवाज व चेहरे घेतांना पालकांची लेखी संमति घ्यावी लागेल. तोच नियम घरीं आधीं पाळावा. त्यांनीं नको म्हटल्यास सुनेनें दुसरी गोष्ट शोधावी व पुन्हां विषय काढूं नये. हो म्हटल्यास मात्र परदेशीं जाण्याच्या दिवसाची वाट पाहूं नये. नव्वदीकडे झुकलेलें वय आहे. दुपारीं, रस्त्यावरची वर्दळ थोडी कमी झाल्यावर, पंखा बंद करून त्यांस बसवावें. फोन पणतवानें धरावा. सदऱ्याच्या ठिकाणीं त्या थांबल्या, तर कोणीं त्यांचें वाक्य पुरें करूं नये.