कमानीसमोरचा फोटो

सहलीहून घरी आल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय करता? पिशवी कोपऱ्यात ठेवता आणि घरच्यांना फोटो दाखवू लागता. हा मुंबईचा गेटवे ऑफ इंडिया, हा हैदराबादचा चारमिनार, हा आग्र्याजवळच्या फत्तेपूर सिक्रीचा बुलंद दरवाजा! प्रत्येक फोटोत मागे उंच कमान असते आणि पुढे तुम्ही हसत उभे असता. मग दादी विचारते, "बेटा, हा दरवाजा कोणी बांधला? कशासाठी बांधला?" तुम्ही म्हणता, "ते ठाऊक नाही, पण फोटो छान आला आहे ना?"

फोटो छान आला असेल. पण माझ्या मते तो अजून पूर्ण झालेला नाही.

जरा शब्दांकडे पाहा. तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द मराठीत आहेत. दरवाजा, इमारत, कमान हे त्यांतलेच. फारसीत कमान म्हणजे धनुष्य. दगडांची रचना धनुष्यासारखी वाकवलेली असते, म्हणून मराठीतही तिला कमान म्हणतात. आता आणखी एक जोडी पाहा. उर्दूत तुम्ही ज्याला यादगार म्हणता, त्याला मराठीत स्मारक म्हणतात. यादगार या शब्दात 'याद' आहे आणि स्मारक या शब्दात 'स्मरण' आहे. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात. अशी वास्तू आठवण ठेवण्यासाठी उभारलेली असते. मग ही आठवण कोणाची, हे न विचारताच आपण तिथून परत यायचे का?

बुलंद दरवाज्याचेच उदाहरण घ्या. सुमारे ५४ मीटर उंचीचा हा दरवाजा अकबर बादशहाच्या विजयाची खूण आहे. त्याची उंची सगळ्यांच्या फोटोत येते. पण त्या दरवाज्यावर फारसी लेख कोरलेले आहेत, त्यांच्याकडे किती जण पाहतात? अकबराने खानदेश जिंकला आणि १६०१ साली असीरगड किल्ला त्याच्या हाती आला. या विजयाची नोंद त्या दरवाज्यावर आहे आणि तिच्यात खानदेशाचे नावही आहे. आपला नंदुरबार जिल्हा खानदेशातलाच. म्हणजे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या दरवाज्यावर आपल्याच मुलखाचे नाव कोरलेले आहे! उर्दू वाचता येत असल्यामुळे त्या लेखातली काही अक्षरे तुम्हांला ओळखता येतील. ज्याने नुसता फोटो काढला, त्याला यातले काहीच कळले नाही.

आता मुंबईला येऊ. गेटवे ऑफ इंडियाचा फोटो नसेल, असा सहलीचा संग्रह आपल्याकडे क्वचितच सापडेल. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी डिसेंबर १९११ मध्ये मुंबईला आले. त्यांच्या आगमनाची आठवण म्हणून ही कमान बांधायचे ठरले. गंमत अशी, की राजा आला तेव्हा कमान उभीच नव्हती. तिची पायाभरणीसुद्धा त्यानंतरच झाली. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला आणि १९२४ साली ती बांधून पूर्ण झाली. कमान सुमारे २६ मीटर उंच आहे. तिच्यावर इंग्रजीत राजाचे आणि राणीचे नाव कोरलेले आहे.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी भारतातून निघालेली ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून गेली आणि समुद्रमार्गे मायदेशी परतली. ज्या कमानीने राजाच्या येण्याची आठवण ठेवायची होती, तिच्याच खालून त्याचे सैन्य कायमचे गेले. कमान पुरी झाल्यापासून हे सैन्य जाईपर्यंत पंचवीस वर्षेही लोटली नव्हती.

हे सैन्य आपणहून गेले का? मुळीच नाही. ते कोणी घालवले, हे पाहायचे असेल तर मुंबईहून परत आपल्या जिल्ह्यात यावे लागेल.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने 'चले जाव'चा ठराव संमत केला. ही घोषणा त्या वेळचे मुंबईचे महापौर युसूफ मेहेरअली यांनी सुचवली, असे मानतात. दुसऱ्याच दिवशी पहाटे महात्मा गांधी आणि इतर नेत्यांना अटक झाली. सरकारला वाटले, नेते तुरुंगात गेले म्हणजे चळवळ थांबेल. पण ती गावोगावी पसरली. बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता या मुलाच्या हातात तिरंगा होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली, पण मुले मागे हटली नाहीत. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार जागीच पडला. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनीही प्राण दिले.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा. म्हणजे त्या दिवशी त्याला सोळा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. तुमच्या वर्गात, तुमच्याच बाकावर बसला असता, एवढाच तो होता. त्याच्या घरी गुजराती बोलत, तुमच्या घरी उर्दू बोलतात. पण शहर एकच आणि देशही एकच.

नंदुरबारमध्ये या हुतात्म्यांचे स्मारक आहे. ते गेटवेइतके उंच नाही. आजूबाजूला दुकाने आहेत, गाड्यांची आणि माणसांची वर्दळ आहे. आपण रोज तिथून जातो, पण थांबत नाही. मला खरा प्रश्न विचारायचा आहे तो इथे. तुमच्या संग्रहात राजाच्या कमानीचे दहा फोटो आहेत. या पाच जणांच्या स्मारकाचा एक तरी आहे का?

कोणी म्हणेल, "फोटो काढायचा तर सुंदर वास्तूचा काढावा. लहानशा स्मारकात पाहण्यासारखे काय आहे?" हे म्हणणे अगदीच चूक नाही. गेटवे सुंदर आहे, यात शंका नाही. राजाचे राज्य गेले म्हणून कारागिरांची मेहनत वाया गेली, असे मी म्हणणार नाही. तिथे अवश्य जा आणि फोटोही काढा. पण सुंदर आणि मोठे यांत फरक आहे, तसाच मोठे आणि महत्त्वाचे यांतही फरक आहे. राजापाशी खजिना होता, म्हणून त्याच्या नावाची कमान उंच झाली. शिरीषकुमारपाशी फक्त एक झेंडा होता. दगडांची उंची मोजून माणसांची उंची ठरवता येत नाही.

दुसरा कोणी म्हणेल, "सहलीचा फोटो ही आमची आठवण आहे. त्यात इतिहास कशाला हवा?" तुमची आठवण जरूर ठेवा. पण ज्या वास्तूपुढे तुम्ही उभे राहता, तिलाही काही आठवते. तिची आठवण कळली, की तुमच्या आठवणीलाही अर्थ येतो.

पूर्वी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बहुधा छत्तीस फोटो निघत. त्यामुळे प्रत्येक फोटोपूर्वी माणूस विचार करी. आज मोबाइलवर शेकडो फोटो निघतात आणि महिन्याभरात आपण ते विसरूनही जातो. म्हणून माझी तुम्हांला एक सूचना आहे. कोणत्याही दरवाज्याचा किंवा स्मारकाचा फोटो काढण्याआधी तिथला लेख वाचा. वाचता आला नाही, तर कोणाला तरी विचारा. मग वहीत तीन ओळी लिहा. हे कोणी उभारले? केव्हा उभारले? कोणाच्या आठवणीसाठी उभारले? या ओळी उर्दूत लिहा, नंतर त्याच मराठीतही लिहून पाहा.

आणि सुरुवात दूरच्या शहरापासून करू नका. पुढच्या सुट्टीच्या दिवशी शिरीषकुमारच्या स्मारकापाशी जा. घटकाभर थांबा. पाचही नावे पाठ करा. मग फोटो काढा आणि तो आपल्या संग्रहात पहिल्या पानावर लावा. गेटवेचा फोटो दुसऱ्या पानावर असू द्या. ती कमान राजाच्या येण्यासाठी होती, पण तिच्याखालून जाण्याची वेळ त्याच्या सैन्यावर का आली, हे पहिले पान सांगेल.

दादीने पुन्हा विचारले, "बेटा, हे कोणाचे आहे?" तर या वेळी तिला उत्तर द्या. तिच्याशेजारी बसा आणि सगळी गोष्ट सांगा.