मिशनचा पैसा थांबला, पोरांचं काय?

चितेगावात व्हिडिओकॉनच्या जिवावर किती चुली पेटल्या, हे पैठण रोडच्या वाचकांना सांगायला नको. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रोजगार गेला किंवा घरातला कर्ता माणूस गेला की पहिली कुऱ्हाड पोराच्या शाळेवर पडते. मग पारावर कुणीतरी म्हणतंच, ‘मिशनवाल्यांकडे द्या, शिकवतील.’

हा समज जुना आहे, बिनबुडाचा नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात तिथल्या मुक्ती मिशनचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. नुसतं जेवू घातलं नाही; शेती, विणकाम, छपाई शिकवली, विहिरी खोदल्या. पण मदतीबरोबर धर्माचा प्रश्न येतोच. त्याआधी 1893 मध्ये, शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं होतं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपाशी पोराला धर्म विचारू नये, आणि त्याच्या भुकेचा फायदा घेऊन तो बदलूही नये. आमचं मत एवढंच.

पुढे पद्धत बदलली. पोर घरीच, आईजवळ राहणार. परदेशातला एक दाता त्या एका पोराच्या नावाने दरमहा पैसे धाडणार. शाळा, जेवण, दवाखाना स्थानिक चर्च पाहणार. अमेरिकेच्या कम्पॅशन इंटरनॅशनलचं काम हेच. धर्मांतराचा आरोप झाला, संस्थेने तो नाकारला. 2016 मध्ये केंद्राने तिच्या पैशाला पूर्वपरवानगीची अट घातली आणि मार्च 2017 मध्ये तिने भारतातलं काम आवरलं. देशभरातली सुमारे 1 लाख 45 हजार मुलं त्यात होती. खरं कोण, खोटं कोण, हा वाद दिल्लीत चालला. वह्या-पुस्तकांचा खर्च आईच्या पदरी आला.

आता गंमत पाहा. सरकारी योजनाही त्याच वाटेने जातात. राज्याच्या बाल संगोपन योजनेत अनाथ किंवा एकल पालक असलेल्या मुलाला दरमहा 2250 रुपये मिळतात, मूल घरीच राहतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4000 आहेत. खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवं. ‘मिशन’ हा शब्दसुद्धा तोच!

घोडं अडतं ते कागदावर. बापाच्या मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. नवरा गेलेली बाई मजुरी बुडवून किती खेटे घालणार? मिशनच्या माणसाकडे पोरांची नावानिशी यादी असायची, तो घरी जायचा. सरपंच साहेब, भाऊसाहेब, हे काम आता तुमच्या ग्राम बाल संरक्षण समितीचं आहे.

आणि आईबापांनो, कुणी पोराला लांबच्या आश्रमात न्यायला आला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर संस्थेची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी आधी पाहा. शंका आली तर 1098 फिरवा. समितीची शेवटची बैठक कधी झाली, तेही येत्या ग्रामसभेत विचारा.